नमस्काराने बंद पडणारं मशीन

मला कुणी विचारलं की आयुष्यात तुम्ही मोठं असं काय केलंत, तर मी सांगते, एक बटण निकामी केलं. लोक हसतात. हसू देत. सात मिनिटांचा उतारा टाईप करताना ज्यांच्या तोंडचं पाणी कधी पळालं नाही, त्यांना यातलं काय कळणार?

मी टायपिंग शिकवते. औरंगपुऱ्यात एका साड्यांच्या दुकानाच्या वर आमची इन्स्टिट्यूट आहे आणि तिथे मी लग्नाआधीपासून आहे. पूर्वी लोखंडी टाईपरायटर होते. दुपारच्या बॅचला त्यांचा खडखडाट असा चालायचा की खालच्या दुकानदाराला गिऱ्हाइकाशी ओरडून बोलावं लागायचं. मग सरकारने परीक्षा कॉम्प्युटरवर नेली, टाईपरायटर भंगारात गेले आणि आम्ही मॉनिटर मांडले. त्या दिवशी आमचे सर, म्हणजे इन्स्टिट्यूटचे मालक, कोपऱ्यात उभे राहून डोळे पुसत होते. मी नाही पुसले. मला नव्या वस्तूचा आधी राग येतो आणि मग ती शिकून घेतल्याशिवाय अन्न गोड लागत नाही. माझा स्वभावच तसा.

एक गोष्ट मात्र मी टाईपरायटरवरून कॉम्प्युटरवर जशीच्या तशी आणली. पहिल्या दिवशी, पहिल्या धड्याच्याही आधी, मी विद्यार्थ्यांना सांगते: मशीनला हात लावून कपाळाला लावायचा, मग बसायचं. काम संपलं की पुन्हा नमस्कार, मग उठायचं. यात भक्ती किती आणि शिस्त किती ते मला सांगता येणार नाही. नमस्कार करून बसलेला माणूस कीबोर्डवर मुठी आपटत नाही, एवढा माझा अनुभव आहे. माझे विद्यार्थी कोर्टात, कचेऱ्यांत, बँकांत पसरलेत आणि तिथेही सकाळी मशीनला हात लावूनच बसतात, असं लोक मला येऊन सांगतात. याचा मला गर्व होता. होता म्हणते, कारण पुढे त्याच गर्वाने माझं नाक कापलं.

त्या वर्षी सरांनी कॉम्प्युटरचे जुने उभे डबे, म्हणजे सीपीयू, काढून नवे आणले. जुने टेबलाखाली पायाशी असत. हे नवे आडवे, चपटे, मॉनिटरच्या खाली बसणारे. दिसायला देखणे. समोरच उजव्या बाजूला रुपयाएवढं गोल बटण, बोट लागताच आत जाणारं. आणि त्याच वर्षी आमच्याकडे मशीन मधूनच बंद पडायला लागली.

सर म्हणाले, लाईटचा प्रॉब्लेम. लाईटवाला आला, वायर बदलून गेला. मशीन पडतच राहिली. सर म्हणाले, इन्व्हर्टरची बॅटरी म्हातारी झाली. नवी बॅटरी आली. तरी रोज एक-दोन मशीन माना टाकायचीच. टेबलाखालच्या वायरींना पाय लागत असतील, असा मी विद्यार्थ्यांवर संशय घेतला आणि सगळ्यांना मांडी घालून बसवलं. खुर्चीवर मांडी घालून टाईप करणारी ती बॅच पाहून सरांना वाटलं, मी योगासनं सुरू केली.

त्याच बॅचमध्ये ती होती.

ती करमाडच्या पुढच्या एका वस्तीवरून यायची. घर मेंढरांचं, भाऊ अजून कळपामागे फिरणारे. वडील मात्र शहरात एका सरकारी कचेरीत शिपाई होते. ते नोकरीत असतानाच वारले आणि अनुकंपा म्हणून तिला त्याच कचेरीत क्लार्कची जागा मिळाली. अट एकच होती, ठरलेल्या मुदतीत मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हायची. नाहीतर नोकरी जाणार. मुदतीत दोनच परीक्षा बसत होत्या आणि आमच्याकडे शिकून दिलेल्या पहिल्या परीक्षेत ती नापास होऊन परत आली होती.

नापास कशी झाली, तर भर परीक्षेत तिचं मशीन बंद पडलं. "पत्र पुरं झालं व्हतं मॅडम," ती सांगत होती, "सबमिट तेवढं ऱ्हायलं व्हतं, अन् गेली की लाईट." तिला दुसरं मशीन दिलं, पण टाईप केलेलं गेलं ते गेलंच, आणि उरलेल्या वेळात पत्र पुन्हा पुरं झालं नाही. मी काय केलं? मी तिच्यावर ओरडले. सगळ्या बॅचसमोर म्हणाले, "आधी सबमिट करायचं कोणी सांगायचं, तुझ्या मेंढरांनी?" ते वाक्य आठवलं की मला आजही माझी लाज वाटते.

एके संध्याकाळी मी तिच्या मागे स्टूल टाकून बसले. हिची नेमकी चूक पकडायचीच, असं ठरवून बसले होते. तिने पत्र टाईप केलं. छान केलं, समास बरोबर, तारीख बरोबर. शेवटी "आपला विश्वासू" लिहिलं, हात कीबोर्डवरून उचलले, डोळे मिटले, उजवा हात डब्याला लावला आणि कपाळाला टेकवला. मी शिकवला तसाच. पडदा काळा झाला.

"गेली बघा लाईट," ती म्हणाली.

डोक्यावर पंखा गरगर फिरत होता.

मी तिला म्हटलं, मशीन चालू कर आणि पुन्हा नमस्कार कर. तिने केला. पुन्हा बंद. तिसऱ्या वेळी मी तिचा हात तिथेच धरला. मधली दोन बोटं बरोबर त्या गोल बटणावर टेकलेली होती. टाईपरायटरला कुठेही हात लावला तरी ते बिचारं सहन करायचं. जुना डबा पायाशी होता, त्याला कुणी हात लावत नसे. हा नवा डबा मात्र नमस्काराच्या वाटेतच येऊन बसला होता.

तिने माझ्याकडे पाहिलं. "म्हंजी परीक्षेत बी म्याच बंद केलं व्हय?"

"तू नाही," मी म्हणाले. "मी केलं. तुला नमस्कार करायला कुणी शिकवलं?"

सर्वांसमोर ओरडले होते, म्हणून सर्वांसमोरच माफी मागितली. सोपं नव्हतं. जिभेला सवय नव्हती. ती इतकी अवघडली की म्हणाली, "जाऊ द्या मॅडम, तुमी बसा, पानी आनू का?"

आता उपाय हवा होता. सरांनी दुसऱ्याच दिवशी भिंतीवर कागद चिकटवला: मशीनला हात लावून नमस्कार करू नये, लांबून करावा. विद्यार्थी तो वाचत, मान डोलावत आणि काम संपलं की हात लावत. सवयीचा हात पाटी वाचत नाही. मग सरांनी थंड पेयांच्या बाटल्यांची झाकणं गोळा केली आणि एकेक झाकण बटणावर चिकटपट्टीने बसवलं. सकाळी मशीन चालू करायची तर सर एकेक झाकण सोलत फिरायचे आणि पुन्हा चिकटवत फिरायचे. तिसऱ्या दिवशी एक झाकण तिरपं बसलं आणि बटण आतच दाबून राहिलं. ते मशीन चालू व्हायचं, मनात पाच मोजेपर्यंत पुन्हा बंद. सर त्याला भूतबाधा झाल्यासारखे त्याच्याकडे बघत होते. मी झाकण उपटलं आणि एक धडा शिकले: बटण दाबून धरलं तर मशीन कुणाचंच ऐकत नाही.

मी तिला सांगून पाहिलं की परीक्षेपुरता नमस्कार सोड. तिने प्रयत्न केला. चुका दुप्पट झाल्या. रोज सरळ चालणारी बोटं एकमेकांत अडकू लागली. चौथ्या दिवशी ती रडकुंडीला आली.

"हात बांधल्यावानी व्हतंय मॅडम. आमच्यात लोकर कातरायची तर कातरीला बी आधी हात लावून कपाळाला लावत्यात. न लावता बसलं की जीवाला लई खातं, कायतरी इसरल्यावानी."

तेव्हा माझं डोकं फिरलं. तिच्यावर नाही, त्या डब्यावर. एवढी शिकलेली माणसं हे यंत्र बनवतात आणि त्याला माणसाचा हात ओळखता येत नाही? शिकायचं कुणी, हिने की डब्याने? मी ठरवलं, हिचा हात आहे तिथेच राहील. डबा सुधारेल.

पुढचे तीन दिवस बॅचच्या मधल्या वेळात मी एका मशीनसमोर बसून त्याच्या पोटात शिरले. माझं इंग्रजी सरकारी पत्रापुरतं. पण "पॉवर" हा शब्द मला कळतो आणि जिथे जिथे तो दिसला तिथे तिथे मी क्लिक केलं. एकदा पडदा आडवा झाला, एकदा सगळी अक्षरं मुंगीएवढी झाली. सर दर अर्ध्या तासाने दारातून विचारायचे, "मॅडम, बिघडवलं का?" तिसऱ्या दिवशी कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये मला एक ओळ सापडली. पॉवर बटण दाबल्यावर काय व्हावं, असं तिथे चक्क विचारलं होतं. इतके दिवस ते मशीन मला हेच विचारायला बसलं होतं आणि आम्ही वायरमन बोलावत होतो! समोरच्या यादीत सगळ्यात वर होतं: काहीच करू नको. त्याखाली झोप, गाढ झोप आणि बंद. आमच्या सगळ्या मशीनवर खूण "बंद"वर होती.

मी ती "काहीच करू नको"वर आणली, सेव्ह केलं आणि बटण दाबलं.

काही झालं नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. दहा वेळा दाबलं, पडदा मख्ख माझ्याकडे बघत राहिला. मी एवढ्या मोठ्याने "सर!" म्हणून ओरडले की खालचा दुकानदार वर धावत आला.

"दाबा," मी सरांना म्हटलं.

"नको मॅडम."

"दाबा म्हणते ना!"

सरांनी एका बोटाने, गरम तव्याला लावावं तसं, दाबलं. मग दोन बोटांनी. मग दुकानदाराने दाबलं. मग सहाची बॅच आली आणि रांग लावून सगळ्यांनी दाबलं. ती शेवटी आली. डोळे मिटले, हात लावला, कपाळाला टेकवला, डोळे उघडले. पडद्यावर तिचं पत्र जसंच्या तसं होतं. ती हसली. तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

"आता बंद कसं करायचं?" सरांनी विचारलं. मी पडद्यावरून बंद करायचं दाखवलं, बाकीच्या मशीनवरही तीच खूण केली आणि झाकणांची पिशवी त्यांच्या हातात दिली.

महिनाभर तिचा वेग वाढत गेला. मग हॉल तिकीट आलं आणि त्यावरचं केंद्राचं नाव मी दोनदा वाचलं. परीक्षा आमच्याकडे नव्हतीच. ती कधीच आमच्याकडे नसते, हे मला माहीत होतं, पण विजयाच्या नादात मी ते साफ विसरले होते. केंद्र होतं जालना रोडवरच्या एका कॉलेजात, गेल्या वेळी जिथे तिची लाईट गेली तिथेच. तिथले डबेही तसलेच चपटे आहेत, असं तिने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या कॉलेजच्या लॅबमध्ये हजर झाले. तिथले इन्चार्ज चाळिशीचे, नीट कातरलेल्या दाढीचे, अदबीने बोलणारे गृहस्थ. माझं म्हणणं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "मॅडम, मशीन सब रेडी है. परसो सील होणार. अब इनको हात नक्को लगाव."

"भाईसाहेब, दर परीक्षेला तुमची किती मशीन बंद पडतात?"

"दो-तीन तो जातेच. लाईट का लोचा है ना."

"आणि ही एवढी मोठी बॅटरी कशाला ठेवलीय?"

त्यांनी कोपऱ्यातल्या बॅटरीकडे वळून पाहिलं. मी विचारलं, परवानगी आहे का, आणि समोरच्या मशीनसमोर उभी राहिले. चालू पडद्यासमोर हात लावला, कपाळाला लावला. मशीन बंद. "ही तुमची लाईट," मी म्हटलं.

ते आधी हसले. मग त्यांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं. "मॅडम, हमारे दादा हिमरू शाली विणायचे. मागाला हात लगाके, वो हात चूमके बैठते थे. मैं भी सुबह लॅब खोलके पहिले मशीन को हात लावतो. मेरे से भी कई बार बंद हुआ. मैं बोला, वायरिंग खराब है."

केंद्रप्रमुखांना त्यांनीच फोन लावला, स्पीकरवर. पलीकडून प्रश्न आला, "काहीच करू नको म्हणजे नेमकं काय करणार तुम्ही?" भाईसाहेबांनी शांतपणे समजावलं. पाच मिनिटांत परवानगी आली, पण अट घातली की हात फक्त इन्चार्जांचा लागेल. मग मी त्यांच्या मागे उभी राहिले आणि ओळ कुठे सापडते ते सांगत गेले. तिसऱ्या मशीनपासून त्यांना माझी गरज उरली नाही. मी मात्र प्रत्येक मशीनचं बटण त्यांना दोनदा दाबायला लावलं. शेवटच्या ओळीत पोचेपर्यंत ते स्वतःच तीनदा दाबत होते.

तरी एक काटा राहिलाच. बटण चार-पाच सेकंद दाबून धरलं तर मशीन बंद होणारच, त्यावर या जगात सेटिंग नाही. मी तिचा नमस्कार घड्याळ लावून मोजला. रोजचा दीड-दोन सेकंदांचा. पण घाबरलेल्या माणसाचा नमस्कार लांबतो. मी तिला म्हटलं, "एकदाच बिरोबा म्हण आणि हात काढ. गाऱ्हाणं घालत बसू नकोस."

"एकदाच?" ती म्हणाली.

"त्याला एकदा सांगितलेलं कळतं."

परीक्षेच्या दिवशी मला आत सोडणार नव्हतेच. मी कॉरिडॉरमध्ये, दाराच्या काचेशी उभी राहिले. शिपाई दोनदा म्हणाला, बाई, लांब व्हा. मी दोनदा लांब झाले आणि दोनदा परत आले. आत मुलं-मुली बसत होती आणि जवळजवळ प्रत्येकाचा हात कुठे ना कुठे मशीनला लागत होता. कुणी कीबोर्डला, कुणी पडद्याला, एका मुलीने तर डब्यावर डोकंच टेकवलं. एकही पडदा विझला नाही. मला दारातच नाचावंसं वाटलं.

ती तिसऱ्या ओळीत होती. उतारा झाला, तक्ता झाला, पत्र आलं. तिचे खांदे आधी कानांपर्यंत चढलेले होते, ते हळूहळू खाली आले. मग तिने हात कीबोर्डवरून उचलले. डोळे मिटले. हात डब्याला लावला.

मी मोजायला लागले. एक. हात तिथेच. दोन. हात तिथेच. ओठ हलत होते. बाई गाऱ्हाणं घालत होती! तीन. मी काचेवर थाप मारायला हात उचलला, शिपायाने तो वरच्यावर धरला. चार म्हणायला माझं तोंड उघडलं, आणि तिचा हात निघाला. कपाळाला लागला. तिने डोळे उघडले. पडदा लखलखीत होता आणि पत्र त्यावर होतं. तिने सबमिट केलं.

मी त्या शिपायाचे दोन्ही हात धरून हलवले. तो म्हणाला, "बाई, तुमची लेक हाय का?" मी म्हटलं, "विद्यार्थिनी आहे," आणि पुन्हा काचेला नाक लावलं.

सगळे गेल्यावर भाईसाहेब रिपोर्टचा कागद घेऊन बाहेर आले. बंद पडलेल्या मशीनच्या रकान्यात त्यांनी मोठ्या अक्षरांत "निरंक" लिहिलं होतं. "पहिली बार लिखा मॅडम," म्हणाले आणि मला चहा पाजला. आमच्या भिंतीवरचा कागद मी परत येताच फाडला.

ती पास झाली. काठावर नाही, चांगली पास झाली. त्यानंतर काही आठवडे ती दिसली नाही, नोकरीत कायम होण्याचा कागद कचेरीत फिरतोय एवढं कळत होतं. मग एका दुपारी, ऐन ऑफिसच्या वेळेत, ती जिना चढून आली. हातात एक पाकीट होतं. तिने ते माझ्यापुढे धरलं. आत तिच्या नोकरीत कायम होण्याचा आदेश होता, साहेबांच्या सहीचा, शिक्क्याचा.

"साहेब म्हणले, सेक्शनला टायपिंग पास आता तू एकलीच हाईस," ती म्हणाली. "म्हणून आदेश मलाच टाईप कराया लावला. तुमी तपासा ना मॅडम."

मी चष्मा लावला. वरपासून खालपर्यंत वाचलं, समास बघितले, तारीख बघितली, तिच्या आणि तिच्या वडलांच्या नावातला प्रत्येक काना-मात्रा बघितला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. एकही चूक नव्हती.